सोनाजीचं तोरण आणि माझे तीन पुरावे

आमच्या घराण्याचा इतिहास मी तीन आठवडे खपून गोळा केला आणि एका दुपारी, साऱ्या गावासमोर, पावणेदोनशे बैलांच्या साक्षीनं बुडवला.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी नुकताच बीए झालो होतो, आणि आम्हा दोघांनाही आपण फार मोठं काहीतरी झालो आहोत असं वाटत होतं. वडनेर भोलजीच्या एका शाळेत मला इतिहासाचा मास्तर म्हणून टेंपरवारी नोकरी लागली होती. गाव आमचं तिथून सायकलनं पाऊण तास (चिखल नसला तर, असला तर सायकल आपल्या खांद्यावर आणि वेळेचं काही सांगता येत नाही). पाचवीच्या वर्गाला मी पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: इतिहासाची साधने तीन. भौतिक, लिखित आणि मौखिक. म्हणजे वस्तू, कागद आणि लोकांची तोंडं. या तिन्हींच्या जोरावर काहीही सिद्ध करता येतं, असं मी मुलांना सांगितलं होतं. मुलं बिचारी लहान होती, त्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला, मला तर तेवढीही सबब नव्हती.

माझा आणखी एक आजार होता, तो इथंच सांगून टाकतो. आमच्या वऱ्हाडात 'ळ' हे अक्षर कोणी उच्चारत नाही, त्याचा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, पोळा म्हणजे पोया, केळं म्हणजे केयं. बुलढाण्याच्या कॉलेजात मी एकदा भर वर्गात "सर, पोयाची सुट्टी कधी?" असं विचारलं, आणि पुण्याकडचे एक प्राध्यापक इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवशी मी शपथ घेतली की यापुढं 'य' दिसला की त्याचा 'ळ' करायचा. ही शपथ मी जरा जास्तच पाळली. सुट्टीत घरी आलो आणि मायला (आमच्याकडं आईला मायच म्हणतात; तेवढा 'य' मी मोठ्या मनानं सोडला होता) ऐटीत म्हणालो, "दुधावरची साळ काढ." माय बुचकळ्यात पडली. साळ म्हणजे भाताचं धान, ते दुधात टाकतं कोण? ती बाबांना म्हणाली, "पोरगं लई अभ्यास करून राह्यलं वाट्टे." बाबा म्हणाले, "त्याले जरा झोपू दे."

आता मूळ भानगड. आमच्या गावात पोळ्याला मारुतीच्या पारापुढं दोन बल्ल्या रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळे बैल सजवून त्यापुढं उभे करतात, झडत्या म्हणजे चढाओढीनं यमकं जुळवलेली कवनं म्हणतात, आणि मग एकेक जोडी तोरणाखालून जाते. पहिली जोडी पाटलाची, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कोणी विचारही करत नसे. पण सरकारनं पाटीलक्या मोडल्या, आमचे पाटील शेती विकून अकोल्याला लेकाकडं राहायला गेले, आणि गावात पहिल्या मानाची जागा मोकळी झाली. मोकळी जागा दिसली की माणूस तिथं खाट टाकतोच. एका बाजूनं आमचे बाबा उठले, दुसऱ्या बाजूनं आमच्या समोरच्या घरातले उत्तमकाका. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एका बिडीतले दोन झुरके वाटून घेणारी माणसं, पण तोरणावरून एकमेकांशी बोलेनात. बिड्याही वेगवेगळ्या ओढायला लागले, त्यामुळं खोकला दोघांचा वाढला.

बाबांच्या हट्टामागं कारण होतं, आणि ते मला ठाऊक होतं. आमचा हौशा बैल म्हातारा झाला होता. एका डोळ्यात पडदा आलेला, मागचा पाय ओढत चालायचा. बाबांनी त्या हंगामापासून त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या पोळ्यापर्यंत तो काही राहत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी त्याला खरारा करता करता बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बीए झाला तो याच्या खांद्यावर झाला. माह्या खांद्यावर नाही. एक डाव तरी याले पयलं जाऊ दे." मला एकदम भरून आलं. भरून आलं की मी भाषण करतो, हा माझा जुना दोष आहे. मी म्हणालो, "बाबा, सरपंचांनी पुरावा मागितलाय ना? मी देतो पुरावा. एक नाही, तीन देतो."

सरपंचांनी खरंच पुरावा मागितला होता. दोन्हीकडच्या लोकांनी तक्रारी आणून आणून त्यांचं जेवणखाण बंद करून टाकलं होतं, तेव्हा सुटका करून घ्यायला ते म्हणाले होते की ज्याच्या घरचा मान जुना असेल त्यानं पोळ्याच्या दिवशी तोरणापुढं दाखवावं, मग मी निकाल देतो. उत्तमकाकांकडं पुरावा काही नव्हता, नुसता आवाज होता. आमच्याकडं मी होतो.

पहिलं साधन मौखिक. गावात सगळ्यांत म्हातारी गिरजाबुढी. तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं, तिला तर मुळीच नव्हतं. मी वही-पेन्सिल घेऊन तिच्या ओसरीवर बसलो आणि प्रश्न असा विचारला की ज्याचं उत्तर सरळ मुद्द्याला लागेल. "आजी, तुमच्या लहानपणी पोळ्याला पहिला बैल कोणाचा गेला होता?"

गिरजाबुढीनं तंबाखू मळली, आठवलं, आणि मान हलवत म्हणाली, "तुमचाच गेला बापा. तुह्या पंज्याचा ढवया बैल पयला गेला. मंग उत्तमच्या घरचा गेला. मंग एकामागं एक साऱ्यायचे गेले. सारं गाव रडलं."

मी सगळं शब्दशः उतरून घेतलं. 'गाव रडलं' यापुढं कंसात 'आनंदाश्रू' असंही लिहिलं. म्हातारी डोळे पुसत होती. जुन्या वैभवाच्या आठवणीनं माणूस असाच हळवा होतो, अशी मी मनाशी नोंद केली आणि तिला शेवेची पुडी देऊन उठलो.

दुसरं साधन भौतिक. आमच्या माळ्यावर एक जुनी घुंगरमाळ पडली होती. पितळेची, जाड, मधोमध मोठी घंटा. चिंचेनं घासली तर घंटेवर ठिपक्याठिपक्यांनी दोन अक्षरं उमटली: 'ल. तु.' मी रात्रभर तळमळलो. आमच्या घराण्यात 'ल' नावाचा माणूस नाही, 'तु' नावाचाही नाही. पहाटे मला उलगडा झाला. ल. तु. म्हणजे लष्करी तुकडी! आमचा मूळपुरुष सोनाजी कुठल्यातरी फौजेत रसद वाहायला बैल घेऊन गेला असणार, आणि त्या पराक्रमाबद्दल लष्करी तुकडीनं त्याला ही माळ बहाल केली असणार. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ती माळ उलटसुलट करून बघितली. म्हणाले, "आपल्यातलं कोणी नांदुऱ्याच्या पलीकडं गेल्याचं मले तं माईत नाई." मी म्हणालो, "बाबा, इतिहास असाच दडलेला असतो." ते म्हणाले, "हाव, मंग दडूनच असंन."

तिसरं साधन लिखित, आणि ते तर हुकमाचं पान होतं. देवांच्या टिनाच्या पेटीत, तळाशी, मोडी लिपीतला एक कागद सापडला. कॉलेजात एका सरांनी आम्हाला पंधरा दिवस मोडी शिकवली होती. त्यातले नऊ दिवस मी हजर होतो (दोन दिवस जत्रा, चार दिवस ताप). त्या नऊ दिवसांच्या बळावर मी कंदिलापुढं बसून एकेक अक्षर लावलं. पोळ्याचा कागद होता! वाक्य स्वच्छ लागलं: 'पोळ्याचे दिवसी तोरणाखालोन सोनाजी याणे पहिले पायी जावे.'

'पहिले पायी जावे.' आता हे 'पायी' काय? कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, पायी म्हणजे पायी, चालत. पण मी शहाणा नव्हतो, शिकलेला होतो. मी विचार केला की लिहिणारा कारकून वऱ्हाडातला, गडी जसं बोलायचा तसं लिहून गेला. आपण 'पाळी'ला 'पायी'च म्हणतो की! म्हणजे वाक्य आहे: सोनाजीनं पहिल्या पाळीला जावं. पहिला मान सोनाजीचा. मी वहीत 'पाळी' असा शब्द शुद्ध करून लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि बाबांना झोपेतून उठवून वाचून दाखवला. बाबा अंथरुणावर उठून बसले, आणि तसेच गोठ्यात जाऊन हौशाच्या पाठीवर हात फिरवून आले.

कागद फार जीर्ण होता. दस्तऐवजांचं जतन करावं, असं आम्हाला शिकवलं होतं. कसं करावं हे जत्रेच्या दोन दिवसांत शिकवलं असावं. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि तो कागद बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर पक्का चिकटवून टाकला. मागच्या बाजूला काही लिहिलंय का, हे बघण्याची मला गरज वाटली नाही. एका कागदात एका घराण्याला लागतो तेवढा पुरावा मिळाला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी हौशाचे खांदे हळद-तुपानं शेकले. "आज आवतण घे, उद्या जेवाले ये," असं बैलांना म्हणायची आमच्याकडं रीत आहे. बाबा ते म्हणाले आणि हळूच पुढं जोडलं, "अन् उद्या पयला जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोरणापुढं सारं गाव लोटलं. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. आमचा हौशा ती ल. तु. घुंगरमाळ घालून उभा, एक डोळा मिटून. ऊन मी म्हणत होतं. सरपंच म्हणाले, बोला मास्तर. मी पारावर चढलो आणि आधी इतिहास म्हणजे काय हे सांगितलं. मग साधनं म्हणजे काय हे सांगितलं. मग युरोपात काय काय झालं हे सांगायला लागलो तेव्हा दोन बैल खाली बसले आणि सरपंच म्हणाले की युरोपातून जरा लौकर परत या.

मी गिरजाबुढीला पुढं बोलावलं. तिला हाताला धरून पारावर बसवलं आणि वकिलासारखं विचारलं, "आजी, पहिला बैल कोणाचा गेला?"

"यायच्याच घरचा," तिनं बाबांकडं बोट दाखवलं. आमच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमकाकांचा चेहरा उतरला.

सरपंच जात्याच चौकस माणूस. त्यांनी विचारलं, "आजी, गेला म्हंजे तोरणातून गेला ना?"

"तोरणातून काऊन जाईन बापा?" म्हातारी म्हणाली. "मेला थो. त्या साली ढोरायवर बुयकांडी आली व्हती. यायच्या घरूनच रोग सुरू झाला. मंग साऱ्या गावाचे ढोरं गेले. पोयाच नाही झाला त्या साली."

टाळ्या थांबल्या. मी वहीत बघितलं. 'गाव रडलं (आनंदाश्रू)' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की मास्तरच्या पणज्यानं सारं गाव बुडवलं, याचा पुरावा मात्र पक्का झाला. मी घाईघाईनं म्हणालो की मौखिक साधन हे तसं दुय्यमच असतं, खरं साधन भौतिक, आणि हौशाच्या गळ्यातली माळ उचलून दाखवली. लष्करी तुकडी, फौज, रसद, पराक्रम, सगळं सांगितलं. आवाज मुद्दाम चढवला.

उत्तमकाका गर्दीतून शांतपणे पुढं आले. त्यांनी घंटा हातात घेतली, अंगठ्यानं अक्षरं चाचपली आणि म्हणाले, "हे माय तं आमची हाये."

इथं एक घोटाळा झाला. उत्तमकाकांना म्हणायचं होतं 'माळ', पण वऱ्हाडी तोंडात तिची 'माय' होते. आणि आमची माय नेमकी पूजेचं ताट घेऊन मागं उभी होती. ती कडाडली, "कोणाची माय? उत्तमभाऊ, बोलाची काई रीत हाये का नाई?" उत्तमकाका गडबडले. "तुमी नाही वयनी, घुंगरमाय! ल. तु. म्हंजे लक्ष्मण तुकाराम. माह्या आज्याचं नाव हाये थे. तुमच्या घरच्या लग्नात वरातीसाठी मांगून नेली व्हती. आज दिसून राह्यली."

माय ताटाकडं बघायला लागली. बाबा हौशाकडं बघायला लागले. एवढ्या गर्दीत माझ्याकडं बघणारे तेवढे पावणेदोनशे बैल उरले, आणि त्यांच्या नजरेतही आदर असा नव्हता. भर पोळ्यात सिद्ध झालेल्या गोष्टी अशा: आमच्या घरानं गावात रोग आणला, आणि मागून आणलेली वस्तू परत केली नाही. अजून तिसरं साधन शिल्लक होतं.

बाबा माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "राहू दे आता. घरी जाऊ." त्यांचा आवाज ऐकून मला रडूच आलं असतं. म्हातारा बैल उन्हात लंगडत उभा, आणि ज्याला मी त्याचा मान मिळवून देणार होतो तोच माणूस मला घरी चल म्हणत होता. मी म्हणालो, "नाही बाबा, कागद पक्का आहे," आणि पुठ्ठा वर धरून वाचला: सोनाजी याणे पहिल्या पाळीस जावे.

उत्तमकाकांच्या बाजूनं नाना पटवारी पुढं आले. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण मोडी वाचण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. चष्म्याच्या काचा कंदिलाच्या तळाएवढ्या. त्यांनी पुठ्ठा नाकाला लावला आणि एका दमात वाचलं. "पाळी नाही लिहिलं बाबू इथं. पायी लिहिलं. पायी जावे. चालत."

मी हसलो. हो, त्या परिस्थितीतही मी हसलो. नानांना समजावून सांगितलं की आपल्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळं विद्वानांना असं शुद्ध करून घ्यावं लागतं. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "लिहिणाऱ्यानं 'पोळ्याचे' लिहिताना 'ळ' काढला ना? त्याच ओळीत हाये. मंग पाळीच्या वक्ती काय त्याचा 'ळ' सरला व्हता?"

हा मुद्दा मला तीन आठवड्यांत सुचला नव्हता. मी कागदात पुन्हा बघितलं. 'पोळ्याचे' मधला 'ळ' चांगला गरगरीत, ठसठशीत होता.

"मागं काय लिहिलं?" नानांनी विचारलं.

मागं पुठ्ठा आहे, असं मी सांगितलं. नानांना वाटलं मी थट्टा करतोय. मग खरी गोष्ट कळली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, आणि बैल धुवायच्या बादलीतलं पाणी मागवलं. पुठ्ठा भिजवला. माझी खळ मात्र उत्तम शिजली होती. कागद निघाला तो तीन तुकड्यांत आणि अक्षरं धुऊन. पण जुनी काजळाची शाई पुठ्ठ्यावर उतरली होती, तीही उलटी. आता उलटं मोडी कसं वाचावं? तर न्हाव्याची धोकटी आली, त्यातला आरसा निघाला. भर उन्हात न्हाव्यानं आरसा धरला, मी ओला पुठ्ठा धरला (त्याच्या दुसऱ्या बाजूला सरकी आणि ज्वारीची चित्रं), आणि नाना पटवारी आरशात बघून आमच्या घराण्याचा इतिहास वाचायला लागले.

इतिहास असा होता: 'गेले साली सोनाजी माजोन बैलावर बसोन तोरणाखालोन गेला. तोरण मानेत अडकोन सोनाजी भुईस आला व तोरण तुटले. सबब पंचांनी ठरविले.' आणि मग पुढच्या बाजूचं वाक्य. सोनाजी याणे पहिले पायी जावे.

गाव असं हसलं की बसलेले बैल उठले. फौज नाही, पराक्रम नाही. आमचा मूळपुरुष बैलावरून तोरणात अडकून खाली पडला होता, आणि त्याबद्दल झालेल्या शिक्षेचा कागद आम्ही चार पिढ्या देवाच्या पेटीत ठेवून त्या पेटीला कुंकू लावत होतो. उत्तमकाकांकडच्या एकानं तिथल्या तिथं झडती रचली:

"बीए झाला बुलढाण्याले, मोडी शिकून आला,
आज्यापंज्याचा दंड वाचून मान मांगून राह्यला!"

सरपंचांनी डोळे पुसत निकाल दिला की यात मानाबिनाचं काही नाही. या घरच्या माणसानं आधी स्वतः चालत जाऊन दाखवायचं, बैलावर बसणार नाही याची खातरी द्यायची, एवढंच पंचांचं म्हणणं. तेव्हा मास्तरनं चालत जावं आणि पहिली जोडी उत्तमरावांची. उत्तमकाकांनी आपल्या बैलांची वेसण धरली.

तेव्हा बाबा बोलले. गावापुढं तोवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. "नाना, कागदात पयले कोण जावे म्हणलं?"

"सोनाजीच्या घरचे."

"कसे जावे?"

"पायी."

बाबांनी हौशाच्या पाठीवर हात ठेवला. "मंग हौशा सोनाजीच्याच घरचा हाये. अन् तो काय मोटारीत बसून येऊन राह्यला? पायीच येते."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा आरशात बघितलं. म्हणाले, "बैल नेऊ नये असं कागदात कोठी लिहिलेलं नाही. सोनाजीच्या घरचे पयले, अन् पायी. बात तं बराबर हाये." सरपंचांनी उत्तमकाकांकडं बघितलं. उत्तमकाका हौशाकडं बघत होते. ओढलेला पाय, पडदा आलेला डोळा. मग त्यांनी आपल्या बैलांची वेसण आखडून त्यांना मागं घेतलं आणि बाबांना म्हणाले, "जाय गड्या. माय आमची हाये, पण आज राहू दे त्याच्याच गळ्यात." (या वेळी माय काही बोलली नाही. पदरानं तोंड पुसत होती.)

हौशा तोरणाखालून पहिला गेला. हळूहळू, पाय ओढत, मध्ये एकदा थांबून. बाबा त्याच्या बाजूनं चालत होते आणि उघड रडत होते, कोणाची पर्वा न करता. मागं मी, ओला पुठ्ठा काखेत धरून. गावानं 'हर हर महादेव'चा गजर केला. तो मला उद्देशून नव्हता, हे मला कोणत्याही साधनाशिवाय कळलं.

संध्याकाळी हौशा पुरणपोळी खाऊन गोठ्यात बसला होता. बाबा आणि उत्तमकाका ओट्यावर एकाच बिडीतले झुरके घेत होते. मी जाऊन बसलो. बीए झालेल्या मुलाला आपलं काहीतरी कौतुक व्हावं असं वाटतंच. मी म्हणालो, "बाबा, शेवटी कागद माझाच कामी आला."

बाबांनी बिडी उत्तमकाकांच्या हातात दिली. "वस्तू लोकायची निंगाली. कागद उलटा निंगाला. बुढी खरं बोलली तं थे तुले समजलं नाही." मग त्यांनी खरंच काळजीनं विचारलं, "मंग तू शायेत शिकवतं काय बे?"

"इतिहास," मी म्हणालो.

बाबांनी प्रेमानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "लहान लहान पोट्टे हायेत ना? मंग काई हरकत नाही. मोठे झाले का इसरतीन."

माझ्या साऱ्या आयुष्यात इतिहासाविषयी पुराव्यानं सिद्ध झालेलं विधान हे एकच. परवा बुलढाण्याच्या बसस्टँडवर एक टक्कल पडलेले साहेब गर्दीतून धावत आले, वाकून माझ्या पाया पडले, आणि सोबतच्या बायकोला डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हे आमचे सर. आज मी जो काही आहे तो यांच्यामुळं. यांनी आम्हाला काय गणित शिकवलं!"